किड्याचं तास

चंद्रभानला न विचारता सल्ला द्यायची भारी हौस. गिरडच्या अलीकडच्या त्या गावात कुणाची गाय आटली, कुणाची भिंत फुगली, की हा हजर. मनानं वाईट मुळीच नव्हता; फक्त समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत याला सगळं समजलेलं असायचं.

चुलतभाऊ वारल्यापासून वहिनीचं, मनकर्णाबाईचं, वावर तोच आपल्या बैलजोडीनं वाहून द्यायचा. तिच्या चार एकरांत दुसरं कोण राबणार? सन पंचावन्नच्या भादव्यात ती लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी केळझरला निघाली. जाताना म्हणाली, "भाऊजी, पंधरा दिवस वावराकडे लक्ष ठेवजा. अन् त्या किड्याच्या तासाचं तेवढं पाह्यजा."

"जा तुम्ही बिनघोर," हा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो, तर पऱ्हाटीच्या, कापसाच्या झाडांच्या, कडेनं भेंडीचं एक तास, एकच ओळ, आणि तिच्या शेंड्याशेंड्यात अळ्या. पऱ्हाटी मात्र स्वच्छ. किड्याचं तास म्हणजे किडकं तास, हे कळायला काय काशीला जायचं होतं? त्यानं सगळी भेंडी उपटली, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग घातला आणि घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मनकर्णाबाई परतली. वाळलेल्या ढिगापाशी जरा वेळ उभी राहिली.

"साफ करून टाकलं, वहिनी! नाई तं पुऱ्या पऱ्हाटीत शिरली असती कीड."

"बरं केलं, भाऊजी," ती म्हणाली.

महिन्याभरात तिची बोंडं किडू लागली. पात्या, म्हणजे कळ्या, गळाल्या, फुलं गळाली. दिवाळीच्या सुमाराला शेती खात्याचा कामदार गावात आला, तेव्हा चंद्रभान त्याला हाताला धरूनच तिच्या वावरात घेऊन गेला. कामदारानं एक बोंड फोडलं, आतली अळी दाखवली आणि विचारलं, "कडेला भेंडी नव्हती का?"

"होती. किडली होती."

"किडणारच! त्यासाठीच तर लावायची. या अळीच्या पतंगाची मादी वासावर येते. पानावर बसली की पायांनी त्याची चव घेते, मगच अंडी घालते. भेंडीच्या पानातल्या रसाची तिला पऱ्हाटीपेक्षा जास्त ओढ. अंडी तिथं पडतात, आपण अळ्या वेचून मारायच्या. भेंडी गेली, की तीच मादी पऱ्हाटीवर जाते. उपटली कोणी?"

चंद्रभानची नजर धुऱ्यावरच्या वाळल्या ढिगाकडे गेली. किड्याचं तास! किड्यासाठी राखलेलं तास. तिनं अळ्या वेचायला सांगितल्या होत्या आणि यानं किड्यांचं ताट उचलून त्यांना तिच्या कापसावर बसवलं होतं. करायला गेला गणपती, झाला मारुती. लाज वाटली त्याला, इतकी की कामदाराला चहा विचारायचंही राहून गेलं.

नाल्यापलीकडच्या त्याच्या स्वतःच्या वावरात कीड पोचली नव्हती; तिथली पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटली होती. स्वतःच्या वावरात वेचायला काही उरलं नाही, तेव्हा मनकर्णाबाई त्याच्याच वावरात मजुरीनं वेचायला आली. कमरेला ओटी बांधून, खाली मान घालून वेचत होती. तीन दिवस त्यानं पाहिलं. चौथ्या दिवशी राहवेना.

"वहिनी, तुमचं वावर म्याच खाल्लं."

तिचे हात थांबले नाहीत. "मले मालूम हाये."

"कवापासून?"

"आली त्याच दिवसापासून."

"मंग बोलल्या काऊन नाई? शिव्या द्याच्या होत्या मले!"

मनकर्णाबाईनं बोंडातला कापूस ओढून ओटीत टाकला. "पुढच्या साली वावर कोन वाहून देईन, भाऊजी? माह्याजवळ बैल नाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानंच तो जास्त खचला. माफीचा शब्द अगदी ओठांवर आला होता. पण माफी मागितली असती, तर बैलांपायी तिला ती द्यावीच लागली असती. चंद्रभाननं तोंड मिटलं, आणि शेजारचं तास धरून तिच्या बरोबरीनं वेचू लागला.