बिदरच्या मदरशाची वही

मुलांनो, माझी वही गेली.

तुमचे आजोबा आणि मी दर हिवाळ्यात बिदरचा जुना मदरसा मोजायला जायचो. टेपचं एक टोक ते धरत, दुसरं मी, आणि मापं मी शाईने वहीत उतरवून घेई. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या शाळेत पुढे दारूगोळा साठवला गेला. त्याचा स्फोट होऊन एक बाजू कोसळली. उभ्या बाजूच्या मापांवरून पडलेली बाजू कागदावर काढायची, असं आम्ही ठरवलं होतं. आजोबा मधेच गेले. ते चित्र मी तुमच्यासाठी पूर्ण करणार होते.

लोणावळ्यात पावसाळाभर कपाटात उबेसाठी बल्ब लावून ठेवावा लागतो, नाहीतर सगळ्याला बुरशी लागते. यंदा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला जाताना मी शिस्तीत घरातली सगळी बटणं बंद केली. कपाटातलंही.

महिन्याने परतले, तर कपाटातली वही ओलीने दमटून बुरशीने भरली होती, शाई पार फुटली होती.

शेजारच्या भुशी गावातून कामाला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमी मला रोज सांगायच्या, बल्बला हात लावू नको. आन् आजी, तुमीच इजवला व्हय?"

मग बिचाऱ्या मावशीच पानांवर इस्त्री फिरवत बसल्या. निळे डाग तेवढे पसरले.

काल आठवेल ते लिहायला बसले. मदरशाच्या मिनारावर जडवलेल्या फरशांचा रंग आठवतो, माप एकही आठवत नाही. टेप अजून आहे. तुमच्यापैकी कुणी या हिवाळ्यात दुसरं टोक धरायला येईल का? पुढच्या हिवाळ्याचा मला भरवसा नाही.