दारूबंदीवाल्यांची पिठलं-भाकरी

गावाबाहेरच्या रिसॉर्टचा मॅनेजर पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा मला वाटलं ओढ्यात सोडलेल्या सांडपाण्याबद्दल माझी समजूत काढायला आलाय. मी लगेच तक्रारवहीकडे वळले. पण तो म्हणाला, "बाई, जानेवारीत आपल्याकडे क्राफ्ट बिअरचा फेस्टिव्हल आहे. तुमच्या बचत गटाने पिठलं-भाकरीचा स्टॉल लावावा, अशी मालकांची फार इच्छा आहे."

मी कोण आहे हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पोलादपूर तालुक्यातल्या शाळांत जन्म घालवून मी निवृत्त झाले आणि निवृत्तीत काय करावं सुचेना, म्हणून फाट्यावरचं देशी दारूचं दुकान बंद करायला घेतलं. त्यासाठी बायकांचं मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात: उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. गावच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो, आणि आमच्या यादीतल्या निम्म्या बायका नालासोपाऱ्याला. म्हणजे तिकडे धुणी-भांडी करणारी बाई तिच्या नकळत उभ्या बाटलीच्या बाजूची धरली जाते. आम्ही जीपगाड्या भरभरून त्यांना आणलं, बाटली आडवी पाडली आणि गुलाल उधळला. दुकान पुढच्या गावच्या हद्दीत गेलं. आमचे पुरुष आता थोडे लांब जातात, तेवढाच पायांना व्यायाम.

अशी मी, आणि मी हो म्हटलं. आमचे नाचणीचे पापड महाडच्या प्रदर्शनात कुणी हातात धरूनसुद्धा बघत नाही. तिकडे हिरकणीवाडीच्या बायका गड उतरून आलेल्या भुकेल्या माणसांना पिठलं-भाकरी वाढून नाव कमावतात, आणि आम्हाला मात्र गिऱ्हाईक सापडत नव्हतं. गटाच्या बैठकीत मी उभी राहून भाषण ठोकलं, "आपण बाटली विकणार नाही, भाकरी विकणार. भाकरी कुणाच्या ग्लासाशेजारी ठेवली जाते ते बघणं आपलं काम नाही." बायकांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं मुलांना नागरिकशास्त्र शिकवल्यावर एवढा कोडगेपणा अंगी येतोच.

सिलिंडर, परात, पाण्याचे ड्रम उचलायला एक गडी माणूस हवा होता. मी माझ्या धाकट्या दिराचं नाव सुचवलं. भावोजी अंगाने दणकट, आणि हाताला दुसरं काम नव्हतं. त्यांची बायको, म्हणजे माझी धाकटी जाऊ, समोरच बसली होती. पापडाच्या डब्याचं झाकण लागलेलंच होतं, ते तिने उगाच पुन्हा दाबून लावलं.

भावोजींनी दारू सोडून तेव्हा अडीच वर्षं होऊन गेली होती. माझ्या आडव्या बाटलीने ती सुटली असं मी भाषणांत सांगायचे, पण ते खोटं आहे. एकदा पोलादपूरच्या स्टँडवर ते लेकीला आणायला गेले आणि तिथेच लोळले. लेक एसटीतून उतरली, मैत्रिणी बरोबर होत्या, तिने बापाकडे पाहिलं आणि ओळख न दाखवता पुढे चालत गेली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी थेंबाला हात लावला नाही. घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. जाऊ तर व्हिनेगरची बाटलीसुद्धा कपड्यात गुंडाळून ठेवायची.

"मी आहे ना तिथे," मी तिला म्हणाले. ती बरं म्हणाली.

महोत्सव शनिवारी दुपारी सुरू झाला. फाटकावर एका टेबलाशी सगळ्यांना एक दिवसाचा परवाना देत होते. त्यावर दारू आरोग्य राखण्यासाठी हवी असं काहीसं छापलेलं असतं. पुण्या-मुंबईहून गाड्या भरून आलेली तंदुरुस्त मंडळी आपली तब्येत नाजूक असल्याचं सही करून कबूल करत होती. आत बसायला पेंढ्याच्या पेंड्या मांडल्या होत्या. पेंढा आमच्याच गावचा. पांढऱ्या पँटी घालून त्यावर बसलेल्या मुली पाच मिनिटांत उठून पाठी खाजवू लागल्या.

मांडवात स्टीलची पिंपं ओळीने उभी होती. नाचणीची बिअर, करवंदाची, कोकमाची, आणखी कसली कसली. ती बनवणारा तरुण पुण्याचा, दाढी राखलेला, अतिशय गोड बोलणारा. तो माइकवर सांगत होता की ही इथल्या पूर्वजांची परंपरा आहे आणि आपण तिला पुन्हा जिवंत करतोय. परंपरा आमच्याकडे मेलेली नव्हतीच. पलीकडच्या रानात ती रात्रंदिवस जिवंत असते आणि पोलीस अधूनमधून येऊन काठीने तिची मडकी फोडतात. तिला तिकडे हातभट्टी म्हणतात, इथे 'स्मॉल बॅच' म्हणत होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

गावची प्रतिष्ठित मंडळी झाडून हजर होती. मतदानाच्या वेळी माझ्या बाजूने गुलाल उधळणारे माजी सरपंच मला बघून दचकले आणि लगेच सावरून म्हणाले, "बाई, नाचणीच्या शेतीला उत्तेजन म्हणून आलोय." उत्तेजनाचा तिसरा ग्लास त्यांच्या हातात होता. त्यांच्याबरोबरचे एक आजोबा फारच नाराज दिसले. "कसली ही?" ते मला हळूच म्हणाले. "नुसतं मुतायला लागतंय. चढत तर कायच नाय."

खोटं कशाला बोलू, मीही एक घोट घेतला. त्या दाढीवाल्याने स्वतः आणून दिला, आणि नाही म्हणायला माझ्या तोंडात तेव्हा नैतिक कारण आलं नाही. नाचणीची होती. पहिल्यांदा आंबिलीसारखी लागली, मग कडू. मी तोंड वाकडं करून ग्लास खाली ठेवला आणि पिठल्याला फोडणी घातली. मला काही झालं नाही.

आमचं पिठलं मात्र जोरात चाललं होतं. जाऊ भाकऱ्या थापत होती, मी वाढत होते, आणि येणारा प्रत्येक जण ताटली घेण्यासाठी हात मोकळे करायला आपला ग्लास आमच्याच फळीवर ठेवत होता. तासाभरात फळीवर जागा उरली नाही. या गोष्टीचा मी विचारच केला नव्हता. भावोजी त्या ग्लासांच्या मागे उभे राहून पाणी भरत होते, ताटल्या पुसत होते, आणि शक्य तेवढं तोंड ओढ्याकडे करून होते. जाऊ दर भाकरीला मान वर करून त्यांच्याकडे बघायची.

मग एका बाईने ग्लास ठेवला आणि भावोजी एकदम म्हणाले, "ती पिऊ नका, ताई. नासलीय."

ती हसली. पण दाढीवाला जवळच होता. त्याने ग्लास हुंगला, घोट घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला. धावत जाऊन त्याने ते पिंप बंद केलं. परत आला तो डोळे मोठे करून. "काका, तुम्हाला कसं कळलं?"

"वासावरनं," भावोजी म्हणाले. पुढे बोलायचं नव्हतं, पण तो ऐकेना, तेव्हा म्हणाले की आपण पूर्वी रानात भट्टीवर होतो, गुळाचं रसायन आंबायला ठेवलं की ते कधी जमलं आणि कधी नासलं हे नाकालाच कळतं. दाढीवाल्याला अत्यानंद झाला. पूर्वजांची परंपरा साक्षात चालती-बोलती सापडली होती. त्याने भावोजींचा हात धरला आणि "नाही नाही" म्हणत असतानाच त्यांना स्टेजवर नेलं.

माइकवर घोषणा झाली की आजची सर्वोत्तम बिअर हे स्थानिक जाणकार निवडणार आहेत. गळ्यात परीक्षक म्हणून बिल्ला घातला. हातात नाचणीच्या बिअरने भरलेला ग्लास दिला. सगळे मोबाइल वर झाले.

मी ग्रामसभेत तासन्‌तास बोललेली बाई. कलेक्टरसमोर न अडखळता बोलले आहे. तिथे मात्र हातात पिठल्याचा डाव घेऊन नुसती उभी राहिले. लोक काय म्हणतील, कार्यक्रमाचा रंग जाईल, पुढच्या वर्षी स्टॉल मिळणार नाही, असले विचार डोक्यात आले. आले हे लिहिताना आजही माझी मलाच लाज वाटते. जाऊ परातीवरून उठून उभी राहिली होती.

भावोजी ग्लासाकडे बघत होते. मग माइकजवळ वाकून म्हणाले, "मी दारुडा हाय. दोन वर्सं आठ म्हैने झाले, शिवलो नाय. ह्यातला येक घोट घेतला, तर ही सगली पिंपं मला पुरायची नायत."

मांडव हसला. टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली. त्यांना वाटलं गावचा माणूस विनोदी आहे. दाढीवाला त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काका, एकच सिप! फक्त एक!" आणि पेंढ्यावर बसलेल्यांनी ते उचललं, "काका! काका!" माजी सरपंचही त्यात सूर मिसळत होते. भावोजींना स्टँडवरून उचलून घरी आणणाऱ्यांत ते एक होते.

"हात कापतोय माझा," भावोजी माइकवर म्हणाले. "कुनीतरी धरा हा ग्लास."

पुन्हा हशा पिकला. तोवर जाऊ गर्दीतून वाट काढत स्टेजवर चढली होती. दोन्ही हात पिठाने भरलेले, पदर खोचलेला. तिने त्यांच्या हातातून ग्लास घेतला, दाढीवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "घ्या. तुमचं तुमाला." मग नवऱ्याचं मनगट धरून त्यांना पायऱ्या उतरवल्या. लोकांनी त्याचेही फोटो काढले. दाढीवाल्याने मात्र माइक बंद केला. त्याला बहुतेक कळलं.

ती दोघं स्टॉलच्या मागे ओढ्याच्या बाजूला पाण्याच्या ड्रमाशेजारी बसली. मी मागोमाग गेले. "भावोजी, माझं चुकलं," म्हणाले. त्यांनी नुसती मान हलवली. अंगाला दरदरून घाम फुटला होता. पलीकडे गिऱ्हाईकं भाकरीसाठी हाका मारत होती.

मग ते ओढ्याकडे बघत म्हणाले, "पयला नंबर त्या नाचणीवालीचा. लय चांगली जमलीय गो."

मी घाबरून जावेकडे पाहिलं. आता ही त्यांना गप्प करणार, उठवून घरी नेणार असं मला वाटलं. ती हलली नाही. मनगट तिच्या हातात होतं तसंच होतं.

"कशी हाय?" तिने विचारलं.

"काय?"

"ती. वास कसा हाय तिचा, सांगा मला."

त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. मग ते सांगू लागले. आधी अडखळत, मग एका लयीत. नाचणी भाजून घेतलीय, थोडी जास्तच, तव्याला लागल्यावर येतो तसा वास आधी येतो. मग गोडसर. मग तळाला काहीतरी आंबूस, ते जिभेच्या मागे कुठं बसेल ते नाकालाच कळतं. सांगताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. ती ऐकत होती. मध्ये एकदाच म्हणाली, "आनि?"

मी पुढे जाऊन परातीशी बसले आणि मला येतात तशा वाकड्यातिकड्या भाकऱ्या थापू लागले. त्यांचं सांगून संपेपर्यंत मी कुणालाही मागे जाऊ दिलं नाही.