चौथा खांदा

गोदावरीतल्या वाळूउपशाविरुद्ध मी तालुक्याच्या कचेरीत पत्रांमागून पत्रे देत असे. परभणीहून एसटीने येणारी ती मुलगीही चर्चमधल्या मैत्रिणीसह तेच गाऱ्हाणे घेऊन पायरीवर बसलेली दिसे. तिचे नाव मी कधी विचारले नाही. बोलण्याआधी क्षणभर डोळे मिटण्याची तिला सवय होती. मात्र तिच्या अर्जात वाळू काढणाऱ्या बिहारी मजुरांचीही नदीइतकीच काळजी असे, आणि त्याचा मला संताप येई. चोरीत हात असलेल्यांची वकिली कशाला, असे मी तिला खडसावलेही.

"नदीबी देवाचीच अन् तेबी देवाचेच, काका," एवढेच ती म्हणाली.

त्या उन्हाळ्यात एक मजूर वाळू उपसून झालेल्या डोहात बुडाला. ठेकेदार पसार झाला. पंचनामा उरकला, तरी परक्या मुलखातल्या माणसाला खांदा द्यायला आमचे गाव पुढे येईना. तिरडीपाशी मृताचा भाऊ आणि त्या दोघी, असे तिघेच उभे होते.

"मेल्यालाबी बाटवायलीस का गं?" पारावरून कोणीतरी ओरडले.

"न्हाई मामा, त्याच्याच रीतीनं न्यायलोत. या की खांद्याला."

पारावरून कोणी उठले नाही. माझा तोल सुटला. मी मनुष्यवधाचे कलम मोठ्याने सांगू लागलो. ठेकेदाराविरुद्ध आजच लिहितो म्हणालो.

तिने डोळे मिटले, उघडले. "लिवा, काका. पण आत्ता एक खांदा कमी पडायलाय."

मी कागदांची पिशवी खाली ठेवली आणि तिरडीला खांदा दिला.

वाळू काढायचे तराफे पुन्हा नदीत उतरले आहेत. त्यांवरची माणसे नवी आहेत. माझ्या पत्रांत आता त्यांच्यासाठीही एक परिच्छेद असतो. उत्तर कशालाच येत नाही.