त्याच्या फोल्डरमधली लायब्ररी

बायको नागपूरला माहेरी, दिवस भरत आलेले. माझं बहरीनहून तिकीट शनिवारी संध्याकाळचं, पण पासपोर्ट आमच्या बहरीनी मॅनेजरच्या कपाटात. "शनिवारी सकाळी पाहुण्यांना चार कॉम्प्युटर मिळून एकच गणित करताना दाखव, मग पासपोर्ट घे, इंशाल्ला," तो म्हणाला. त्या इंशाल्लाचीच मला धास्ती.

शुक्रवारची सुट्टी असूनही एकदा खात्री करायला ऑफिसात गेलो, तर प्रोग्राम उठेचना. 'शेअर्ड लायब्ररी सापडत नाही.' म्हणजे प्रोग्रामला चालायला लागणारी तयार फाइलच गायब. चारही मशीनचं एकच रडगाणं. बाप्पा! परवा तर छान पळत होता! रागाने कीबोर्डवर मूठ आपटली.

मग डोक्यात उजेड पडला. आमचा वसईचा सहकारी कायमचा परत चालला होता. गुरुवारी त्याचा व्हिसा कॅन्सल झाला आणि नियमाप्रमाणे त्याच दिवशी त्याचं अकाउंट फोल्डरसकट पुसलं गेलं. मशीनना एकमेकांशी बोलायला लावणारी लायब्ररी त्याने स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवली होती, आणि प्रोग्राम तिच्याशी जोडताना, म्हणजे लिंक करताना, आम्ही सगळ्यांनी तोच पत्ता दिला होता.

बुसैतीनला त्याच्या घरी फोन लावला. इथं सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही शुक्रवारीच; तो नुकताच तिथून येऊन बॅगा बांधत होता. ऐकून हसतच सुटला.

"अरे बाबा, मी निघालो म्हणून तीही निघाली होय?"

"हसू नको ना बे, इथं माझा जीव टांगणीला लागलाय!"

"बॅकअपच्या टेपवर आहे सगळं. काढ."

टेपवरून काढली, नव्या पत्त्याने पुन्हा लिंक केलं. आता ती लायब्ररी दुसरीला शोधू लागली. दुसरी आणली तर तिला तिसरी हवी. अख्खं खानदान त्याच्याच फोल्डरमध्ये नांदत होतं! दर वेळी फोन, दर वेळी त्याचं हसणं. शेवटी मागून त्याची बायको ओरडली, "यल्ला, चल लवकर, विमान सुटेल!"

"आणि ऐक," तो घाईत म्हणाला, "आता तुझ्या फोल्डरमध्ये ठेवू नकोस. सामाईक जागी ठेव. उद्या तुझाही व्हिसा कॅन्सल होईल."

"जरा चांगलं बोल की!" मी चिडलोच. पण ऐकलं त्याचं.

शनिवारी चारही मशीन एकत्र धावली. पासपोर्ट मिळाला. मुलगी झाली तेव्हा मी दवाखान्याच्या दारात उभा होतो.

पुढे ती आणि बायको बहरीनला आल्या, आणि काही वर्षांनी आम्हीही कायमचे निघालो. माझंही अकाउंट पुसलं गेलं. मुहर्रकच्या विमानतळावरून ऑफिसला फोन केला.

"प्रोग्राम चालतोय ना?"

"चालतोय की. का, काय झालं?"

काही नाही, म्हणालो. फार बरं वाटलं, आणि डोळेही भरून आले. मुलगी हात ओढत होती, "पपा, लेट्स गो!"