मिशी सुटायच्या आधी

रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना कृष्णधवल सिनेमा लागला होता. खोटी मिशी लावून नायक स्वतःचाच मामा झाला होता आणि नायिका त्या मामाकडेच नायकाच्या तक्रारी करत होती. समोरचं सोंग या बायकांना ओळखू कसं येत नाही, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

आई माझ्या कानाशी म्हणाली, "साखरपुड्यानंतर आम्ही दोघं हाच सिनेमा बघायला गेलो होतो. 'मीही पहिल्यांदाच बघतोय' म्हणाले. मिशी सुटायची वेळ आली तशी मी मुद्दाम वळून बघितलं, तर हे आधीच हसायला लागलेले! मला न्यायच्या लायकीचा आहे का, ते आदल्या दिवशी येऊन बघून गेले असणार. मी आजवर बोलले नाही हो."

बाबांचे कान तिखट. "पण मिशी सुटणार, हे तुला कसं ठाऊक होतं?"

मला वाटलं, या बायकांना सोंग ओळखू येतच असेल, ते मोडवत नसेल.

पडद्यावर मामा शिंकायच्या बेतात होता. मिशी अजून जागेवर होती, आणि आई-बाबा केव्हाचे हसत सुटले होते.