दोन पट्ट्या वर

फोन आला तेव्हा मी गुडघ्याला तेल चोळत बसलो होतो. पलीकडे एक बाई होत्या, सिनेमाला संगीत देणाऱ्या. सिनेमा साताऱ्यातल्या कॉलेजच्या पोरापोरींचा, काळ आमच्या तरुणपणाचा, आणि त्यात आमच्या बँडची दोन गाणी घालायची होती. "काका, तुम्हीच पुन्हा गायचं. पण अगदी कॅसेटमध्ये आहे तसंच हवं."

तसंच. हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मी हो म्हटलं, पण ते सिनेमासाठी नव्हे. मला आमचं पहिलं गाणं आयुष्यात एकदा तरी मी बांधलं होतं तसं ध्वनिमुद्रित झालेलं हवं होतं, आणि ते माझ्या थोरल्या भावाला ऐकवायचं होतं. गाणं त्याच्यासाठी होतं. ही गोष्ट त्याला माहीत नव्हती, आणि आता त्याचा एक कान मंद व्हायला लागलाय.

आमचा बँड म्हणजे फार काही दिवे लावलेली मंडळी नव्हती. सांगलीच्या कॉलेजातले आम्ही चौघं. वडील पलटणीच्या बँडमध्ये ड्रम वाजवून पेन्शनीवर आलेले, त्यामुळे आमच्या घरात ठेका होता, पण कौतुक नव्हतं. "वाजवायचंच हाय तर पगारी वाजव," एवढंच ते म्हणायचे. चांगली इलेक्ट्रिक गिटार परवडण्यातली नव्हती. मिरजेत सतारी करणाऱ्या एका कारागिराच्या मागे लागलो, तर त्यानं डोकं खाजवत खाजवत एक करून दिली. तिचा दांडा जरा जाड झाला आणि आवाज तंबोऱ्यासारखा घुमायचा. लोकांना वाटायचं, आम्ही परदेशातून काहीतरी यंत्र आणलंय. आम्हीही त्यांचा गैरसमज काढायला गेलो नाही.

त्या गिटारीवर मी ते गाणं बांधलं. दादा फौजेत भरती झाला तेव्हाचं. त्याला सोडायला आम्ही मिरज स्टेशनावर गेलो होतो. आईनं दशम्यांचं गाठोडं माझ्याकडे दिलेलं, गाडीत बसल्यावर खिडकीतून दे म्हणून. मी फलाटावर उभा राहून बावळटासारखा बोलतच राहिलो. गाडी हलली. दादानं हात बाहेर काढला, मी पळालो, पण पोचलो नाही. घरी येऊन चार ओळी जमवल्या:

गाडी हलली, हात हलला,
दशम्या राहिल्या हातात,
मागं बघू नको गड्या,
गाव उभं हाय दारात.

चाल संथ होती. पेटीच्या पांढरी तीन पट्टीत, खालच्या सुरात, लोड भरलेला ट्रक खंबाटकीचा घाट चढतो तशी. पुढे साताऱ्यातल्या एका कॅसेटवाल्यानं आमची आठ गाणी रेकॉर्ड करून घेतली. आम्ही खूष. कॅसेट बाजारात आली तेव्हा मी शिरवळच्या एका हॉटेलात चहा पीत होतो. तिथल्या टेपवर आमचंच गाणं लागलं. मला वाटलं, टेपमध्ये नवे सेल घातले असावेत. गाणं टणाटण उड्या मारत चाललं होतं आणि माझा आवाज दहावीतल्या पोरासारखा येत होता.

घरी येऊन आमच्या टेपवर लावलं, तर तिथंही तेच. तसाच उठून साताऱ्याला गेलो. कॅसेटवाला शांत माणूस. म्हणाला, "आवं, आठ गाणी येका कॅसेटीत बसंनात. मोठी टेप परवडत न्हाई. मग मशीनवर जरा पळवली." मी म्हटलं, जरा? चांगली दोन पट्ट्या वर गेलीय! तो म्हणाला, "मग येक गाणं काढू का? कुठलं काढू, सांगा." आम्हा चौघांची प्रत्येकी दोन लाडकी गाणी होती, काढणार कुठलं? मूळ टेप द्या म्हटलं, तर तिच्यावर त्यानं कुठल्याशा मंडळाची भजनं भरली होती.

आणि कॅसेट चालली. नुसती चालली नाही, उधळली. लोणंदपासून जतपर्यंत माणसं कोंबून नेणाऱ्या प्रत्येक वडापच्या जीपमध्ये, प्रत्येक वरातीत आमचं गाणं. संथ म्हटलं असतं तर कुणी ढुंकून पाहिलं नसतं, हे मला आज कळतं. पळवल्यामुळे ते नाचायचं गाणं झालं. कॉलेजातली पोरं कॅसेटबरोबर वाजवायची म्हणून गिटारी चढवून चढवून तारा तोडायची. पदरी पडलं पवित्र झालं, असं म्हणून आम्हीही मान डोलावली.

खरी शिक्षा पुढे होती. गणपतीत, जत्रेत, गॅदरिंगला स्टेजवर उभं राहून मी संथ सुरुवात केली की खालून ओरड यायची, "कॅसेटवानी म्हणा की!" एकदा तासगावकडे तर एकानं उठून सांगितलं, "ह्यो त्यो गायक न्हाई, डुप्लिकेट आणलाय." शेवटी मी काळी तीनमध्ये, नरड्याच्या शिरा ताणून, घाईघाईत गायला शिकलो. स्वतःच्याच कॅसेटची नक्कल करायची, तीही वर्षानुवर्षं, म्हणजे काय छळ असतो ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. दिवसा साखर कारखान्यात टाइमकीपर आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचा डुप्लिकेट. घसा कायमचा खरखरीत झाला तो त्यातच.

आणि दादा? तो पहिल्या मोठ्या रजेवर आला तेव्हा गावात आमचंच गाणं वाजत होतं. स्टेशनवरून ट्रंक घेऊन आला तो तसाच पारावरच्या पोरांत नाचायला लागला. "लय भारी केलंस की रं!" म्हणून माझ्या पाठीत गुद्दा घातला. त्याच्या लग्नाच्या वरातीत ते गाणं लागोपाठ वाजलं आणि नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला. दशम्या, खिडकी, फलाट सगळं त्या धांगडधिंग्यात कुठल्या कुठे गेलं. अशा माणसाला बाजूला घेऊन काय सांगणार, की बाबा, हे रडायचं गाणं आहे आणि ते तुझं आहे? आमच्याकडे भाऊ भावाशी असलं बोलत नाहीत. उसाचं पाणी, मोटर, बांध, यावर बोलतात. मला वाईट वाटत होतं, आणि ते तसंच वाटत राहिलं.

रेकॉर्डिंग साताऱ्यात ठेवलं होतं. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर स्टुडिओ, लिफ्ट बंद. गिटार पाठीवर घेऊन जिने चढलो तेव्हाच अर्धा आवाज गेला. संगीतकार बाई चाळिशीच्या, खंडाळा तालुक्यातल्या. वडिलांचा टेंपो होता, टेंपोत एकच कॅसेट होती आणि ती आमची होती, असं सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला की माझा निम्मा राग तिथंच विरला. आपल्या गाण्यावर कुणाचं तरी बालपण गेलंय हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

हेडफोन लावले. पुण्याच्या वादकांनी संगीत आधीच वाजवून पाठवलं होतं, कॅसेटच्याच पट्टीत आणि कॅसेटच्याच चालीत. मी सुरुवात केली. "दशम्या राहिल्या" पर्यंत कसाबसा पोचलो. "मागं बघू नको" वरच्या सुरात जातं, तिथं आवाज फाटला. पुन्हा केलं, पुन्हा फाटला. गरम पाणी झालं, ज्येष्ठमध झालं, खुर्चीवर बसून झालं, उभं राहून झालं. काचेपलीकडे बाई हसऱ्या चेहऱ्यानं "छान येतंय काका" म्हणत होत्या, आणि छान येत नाहीये हे त्यांच्या हसण्यावरूनच कळत होतं. मी घामानं निथळत होतो. मला एकदम सगळ्याचाच शीण आला. गाण्याचा, त्या वरच्या सुराचा, माझ्याच त्या पोरकट आवाजाचा.

हेडफोन काढले आणि बाहेर येऊन बाईंना सगळं सांगून टाकलं. टेप कशी पळवली, चाल मुळात कशी होती, सगळं. मला वाटलं, ह्यांना गाण्याची माया आहे. खरं गाणं ऐकलं तर ह्या तेच घेतील.

बाई थक्क झाल्या. "म्हणजे आम्ही लहानपणापासून ऐकलं ते..." म्हणून थांबल्या. मग म्हणाल्या, "काका, मूळ चालीत एकदा म्हणाल?"

मी पुन्हा काचेआड माइकपुढे गेलो, मिरजेची गिटार घेतली, पांढरी तीनमध्ये लावली आणि म्हटलं. किती वर्षांनी म्हणत होतो देव जाणे. आवाज खरखरीत होता, मधे एकदा दम लागला, पण गाणं आपल्या पायांनी चाललं. मिरज स्टेशन दिसलं. संपवून बाहेर आलो तेव्हा बाई डोळे पुसत होत्या. मला वाटलं, जिंकलो.

मग रेकॉर्डिंग करणाऱ्या गृहस्थांनी गळा साफ केला. म्हणाले, "मॅडम, हे मी भरून घेतलंय. टेप पळवूनच झालं असेल तर मग सोपं आहे की. हेच दोन पट्ट्या वर घेतो."

त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी ओढलं, आणि स्पीकरमधून तो आला. तोच. दहावीतला पोरगा, टणाटण उड्या मारत. माझी खरखर कुठं गेली, लागलेला दम कुठं गेला, कळलंच नाही. खोलीत टाळ्या पडल्या. बाईंनी माझा हात धरला. "आवं काका, हे तर हुबेहूब कॅसेट! दुसरं गाणंही असंच करू." मी विचारलं, आणि ते संथ? त्या बिचाऱ्या ओशाळल्या. "काका, ते फार सुंदर आहे. पण माझ्या सिनेमात ह्यावर पोरं नाचणार आहेत."

भांडायला पाहिजे होतं. पूर्वी मी भांडलोही असतो. पण साताऱ्याचा कॅसेटवाला डोळ्यांसमोर आला, ह्या बाईंचा टेंपो आला, तासगावचा तो माणूस आला, आणि मी गिटार परत खोळीत घातली. मी फक्त म्हटलं, ते संथ मला फोनवर द्या, घरी ऐकायला. त्यांनी लगेच पाठवलं. सिनेमा येईपर्यंत बाहेर जाऊ देऊ नका, एवढी अट घातली. म्हटलं, बाई, बाहेर गेलं तरी कोण ऐकणार आहे?

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाकडे गेलो. दादा गोठ्यापुढे बाजेवर बसून चहा पीत होता. सुभेदार होऊन आला, पण बसतो अजून शिपायासारखा, ताठ. "कसं झालं रं तुजं रेकार्डिंग?" त्यानं विचारलं. मी आधी पळवलेलं लावलं, त्याच्या चांगल्या कानाजवळ फोन धरून. तो बसल्या जागी मान हलवायला लागला, पायानं ठेका धरला. "आयला, तसंच हाय की! ह्या वयात असा आवाज लागतो व्हय रं तुजा?"

मी म्हटलं, "दादा, अजून एक हाय. ह्ये ऐक."

संथ लावलं. पहिल्या ओळीला त्याचा पाय हलला, मग ठेका सापडेना म्हणून थांबला. त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. मग फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच कानाला लावला, दोन्ही हातांनी. गाय दावं ओढत होती, पंप चालू होता, आणि दादा गोठ्याच्या भिंतीकडे बघत बसला होता. गाणं संपलं तरी फोन कानालाच.

मग फोन मांडीवर ठेवून म्हणाला, "ह्ये मिरजंचं हाय."

मी म्हटलं, "व्हय."

"दशम्या तुज्याच हातात राहिल्या व्हत्या."

"व्हय."

"मला वाटायचं, तू खाल्ल्या आसशील." चहा गार झाला होता. त्यानं तो जमिनीवर ओतला आणि कप बाजेखाली ठेवला. "मी ह्येच्यावर नाचलो रं. वरातीत, सगळ्या गावाम्होरं."

"तुला कुठं ठाऊक व्हतं, दादा."

"तवाच सांगायचं की रं," तो म्हणाला. आवाज सुभेदाराचा नव्हता. मग त्यानं फोन माझ्यापुढे धरला, कारण त्याला तो चालवता येत नाही, आणि म्हणाला, "परत लाव. आन् त्यो पंप बंद कर आधी."

मी उठून पंप बंद केला.