बोक्याचा श्रावण

आमच्या लालबागच्या चाळीत बोक्यानेही श्रावण पाळावा, असा ठराव कुठल्याही मीटिंगमध्ये झाला नव्हता. तो शेजारच्या काकूंनी एकटीने केला होता, आणि काकूंच्या ठरावाला अनुमोदन लागत नाही.

"माझ्या दारात जेवतो ना? मग माझ्या घरचं पाळेल," असं म्हणून त्या त्याच्यापुढे दूधभात ठेवायच्या. एरवी हा बोका बांगड्याच्या डोक्यांवर पोसलेला. अंगाने असा, की नवखा पाहुणा जिन्यातूनच विचारायचा, "बकरी कुणी पाळलीय हो?" काकूंचा मुलगा-सून विरारला. घरात काकू आणि बोका. त्यांच्याशी भांडायला चाळीत तोच एक उरला होता, बाकी आम्ही सगळे कधीच शरण गेलो होतो.

गेल्या श्रावणात बोका बिघडला. दूधभाताकडे पाठ फिरवून गॅलरीत येरझाऱ्या घालायचा आणि असा रडायचा, की तळमजल्यावरचे एक आजोबा गिरणीचा भोंगा परत सुरू झाला समजून डबा मागायला लागले. काकूंनी मीठ-मिरच्या ओवाळून त्याची दृष्ट काढली. बोका शिंकला, आणि त्याच तिरीमिरीत त्याने आमच्या सेक्रेटरींवर उडी घेतली. सेक्रेटरींच्या पायजम्याची नाडी गुडघ्यापर्यंत लोंबते. आधी नाडी गेली, मग पोटरी.

इंजेक्शन घेऊन आलेले सेक्रेटरी गॅलरीत उभे राहून गरजले, "काकू, रविवारपर्यंत हा सुधारला नाही, तर वरळी कोळीवाड्यात सोडून येणार. मासेच मासे आहेत तिथे, मजेत राहील!"

"तिथले बोके फाडतील हो त्याला. ह्याला भातसुद्धा कालवून द्यावा लागतो," काकू म्हणाल्या, आणि गप्प बसल्या. काकू गप्प बसल्या! लोक दारं उघडून बघायला आले.

त्याच सुमाराला माझी भाची राहायला आली होती. जनावरं कशी वागतात आणि का वागतात, याचं ती शिक्षण घेते. मी तिला बोक्यापुढे उभी केली. तिने प्लास्टिकचं स्टूल मागितलं आणि अख्खी सकाळ बोक्याकडे नुसती बघत बसली. समोरच्या खोलीतून विचारणा झाली, "स्थळ आलंय का बोक्याला?"

शेवटी ती म्हणाली, "मामा, हा चिडलेला नाहीये. बघ, कान पुढे, अंग जमिनीला, बूड हलवतोय. शिकार करतोय हा."

"सेक्रेटरींची?"

"नाडीची! गटारांना जाळ्या कधी बसवल्या?"

"ह्याच पावसाळ्यात. सेक्रेटरींनीच. उंदीर बंद झाले एकदम."

"म्हणजे उंदीर बंद, मासेही बंद. मांजराला मांसाशिवाय भागत नाही. आणि नुसतं पोट भरून चालत नाही, त्याला पाठलागही करायचा असतो. हलणारं दुसरं काही मिळेना, म्हणून नाडी धरली. वागण्यातून तो सांगतोय काय हवंय ते, आणि तुम्ही मिरच्या ओवाळताय."

"अगो बाय, पण श्रावण चाललाय ना!" काकू कळवळल्या.

"आजी, श्रावण तुमचा. त्याला कुणी विचारलं?"

काकूंनी बोक्यापुढचा दूधभात उचलला. मग माझ्याकडे वळल्या. "बघतोस काय मेल्या? सुके बोंबील घेऊन ये. मी हात लावायची नाही."

श्रावण मीही पाळतो, म्हणजे बायको पाळते आणि मी घाबरतो. तरी गेलो. परतीच्या बसमध्ये माझ्या पिशवीच्या वासाने तीन बाकं रिकामी झाली. कंडक्टरने तिकिटाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत, लांबूनच हात हलवून "पुढे व्हा, पुढे व्हा" म्हणाला. भाचीने गॅलरीत स्टोव्ह मांडला आणि बोंबील भिजवून, बिनमिठाचे उकडले. एक सुका बोंबील मात्र तिने सुतळीला बांधला, आणि सुतळी उंच दांडीवर कपडे वाळत घालायच्या काठीला.

काठीचं दुसरं टोक काकूंनी धरलं, तोंड भिंतीकडे करून. गुडघे दुखतात म्हणून ज्या देवळात जात नाहीत, त्या काकू गॅलरीभर अशा धावल्या, की कठड्यावरच्या कुंड्या आपणहून बाजूला सरकल्या. मागून बोका. दबा, झेप, गिरकी! दमला की उकडलेले बोंबील पुढ्यात. रोज सकाळी हाच कार्यक्रम, आणि नंतर काकूंची दुसरी आंघोळ.

रविवारी सेक्रेटरी पोतं घेऊन हजर झाले. काकूंनी नुकताच खेळ संपवला होता, काठी अजून हातातच. बोका जेवून दारात पंजा चाटत बसला होता. सेक्रेटरी त्याच्यासमोरून चालत गेले. बोक्याने नाडीकडे पाहिलं आणि जांभई दिली. सेक्रेटरींना हा अपमान वाटला की काय, ते परत त्याच्यासमोरून गेले, या खेपेला नाडी मुद्दाम हलवत. बोका पाठ करून झोपला.

"सुधारला म्हणायचा," सेक्रेटरी नाइलाजाने म्हणाले. मग त्यांचं नाक हललं. "काकू, श्रावणात बोंबील?"

"मी काठी धरलीय. बोंबील तो धरतो. माझं मी पाळते, त्याचं तो पाळतो," काकू म्हणाल्या आणि त्यांनी सेक्रेटरींच्या हातातलं पोतं ओढून घेतलं. "हे इथेच राहू दे. एवढे बोंबील पिशवीत कुठे मावतात?"